तळाशी राहिलेली दोन बोटं

सकाळचे बरोबर अकरा वाजले होते. मनगटावरच्या घड्याळात बघूनच जयवंत झांबऱ्यानं पहिला प्रश्न टाकला. त्याच्या मते माणसाची जीभ खरी जागी असते ती अकराला. न्याहारी जिरलेली असते आणि जेवणाची भूक अजून लागलेली नसते.

"म्हणजे बाबा, तुम्ही उभ्या जन्मात एकदाही घेतली नाही?"

"न्हाय."

"थेंबसुद्धा नाही?"

"भैरोबाला पाजतो. मी न्हाय पीत."

"आणि मीठ?"

"मीठ सुटून लई वर्सं झाली. अळणीच खातो."

जयवंतनं मांडीवर थाप मारली. "मग झालं तर! तुमची जीभ कोरी आहे बाबा. मला अशीच एक पाहिजे होती."

धुंडीनाथबाबा धुनीतलं लाकूड पुढं सारत हसले. "लोकं पोरासाठी येत्यात, सोयरिकीसाठी येत्यात. जिभंसाठी डोंगर चढून आलेला तू पयलाच."

तासगावच्या पलीकडं हा डोंगर. वर भैरोबाचं ठाणं आणि ठाण्याला लागून बाबांची झोपडी. भैरोबाला दारूचा निवद चालतो. कुणी बाटली घेऊन आलं की बाबा त्यातली चमचाभर देवाच्या पायाशी ओततात आणि राहिलेली ज्याची त्याला परत देतात. बाबांच्या हातून आजवर किती ओतली गेली असेल त्याला गणती नाही. ओठाला मात्र कधी लागली नाही.

जयवंत बेदाण्याचा अडत्या. सौद्यात एक बेदाणा दाढेखाली धरून तो डोळे मिटायचा, आणि तो डोळे उघडेपर्यंत आख्खा बाजार गप्प बसायचा. त्याची जीभ चुकत नाही, असं लोक म्हणायचे. लोकांच्या आधी तो स्वतःच म्हणायचा.

त्यानं पिशवीतून तीन बाटल्या काढल्या. तिन्ही भरलेल्या, तोंडावर लाखेची मोहोर तशीच. मग तीन काचेचे पेले काढले, खाली फुगीर आणि वर निमुळते, कमळाच्या कळीसारखे.

सगळ्यात शेवटी त्यानं टॉवेलाचं एक बोचकं बाहेर काढलं. तान्ह्या लेकराला दुपट्यात गुंडाळावं तसं गुंडाळलेलं. एका हातानं त्याची मान धरून त्यानं ते हळूच उलगडलं.

आत चौथी बाटली होती. तळाशी जेमतेम दोन बोटं राहिलेली.

"ही का रिकामी?" बाबांनी विचारलं.

"ही दादाची आहे. हिला आत्ता हात लावायचा नाही."

"बरं."

"ही शेवटी. तुमच्यासाठी. दोन थेंब जिभेवर ठेवायचे आणि मला एवढंच सांगायचं, ह्या तिघींतली कुठली हिच्यासारखी आहे."

"तूच का न्हाय चाखत? तुझी तर जीभ मोठी."

"चाखली तर कमी होईल, बाबा."

बाबांनी एक पेला उचलून उजेडात धरून बघितला.

मग जयवंतच बोलायला लागला. ह्या दारूचं नाव बर्बन, अमेरिकेची. अर्ध्याहून जास्त मका असतो हिच्यात.

"मका? आपला कणसाचा?"

"कणसाचाच. लाकडाचं नवंकोरं पिंप आतून जाळून काळं करायचं आणि त्यात ही वर्षानुवर्षं ठेवायची. रंग जळक्या लाकडाचा, गोडी पण जळक्या लाकडाचीच. एकदा वापरलेलं पिंप हिला परत चालत नाही."

"दादा म्हंजे कोण?"

"थोरला भाऊ. मुकुंद. तिकडंच असतो, अमेरिकेला."

आणि मग सगळं निघालं. शनिवारी जयवंतच्या माडीवर चार मित्र जमायचे. बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळायच्या, कुठली कुठली ते कुणालाच कळू द्यायचं नाही. वास घ्यायचा, चाखायचं, शंभरातले गुण द्यायचे. एका दिवाळीत दादा आला, तोही शनिवारी वर येऊन बसला. त्यानं आणलेली बाटली वहिनींनी गुपचूप त्याच कागदात गुंडाळून ठेवली होती.

"मग?"

"मग काय! मी सगळ्यात कमी गुण दिले तिला. म्हणालो, ही ज्यानं विकत घेतली त्याला जीभच नाही."

"हसली आसतील मंडळी."

"पोट धरून. दादा पण हसला." जयवंतनं पेला पुसायला घेतला. तो आधीच स्वच्छ होता. "जायच्या तारखेच्या आधीच गेला. तेव्हापासून बोलणं नाही. आता मला सांगा बाबा, चुकलं काय माझं? त्या दिवशी मला पडसं धरत होतं, ते मागाहून कळलं. पण जिभेला जे लागलं ते बोललो. खोटे गुण देऊ?"

"नगो देऊस."

एवढ्या लवकर आपलं खरं मानलं जाईल असं जयवंतला वाटलं नव्हतं. त्याला ते आवडलं नाही.

"त्याची बाटली माझ्याकडंच राहिली होती. पडसं गेल्यावर परत उघडली," तो खालच्या आवाजात म्हणाला. "आणि बाबा… शेत. आमचं मक्याचं शेत. लहानपणी राखणीला आम्ही दोघं जायचो. दादा पानासकट कणीस विस्तवात घालायचा. वरची पानं जळाली की तो धुरकट गोड वास सुटायचा. काळ्या बोटांनी सोलायचा आणि म्हणायचा, कोवळं तुला. रोज कोवळं मला. स्वतः निबर खायचा."

धुनीत एक लाकूड फुटलं…

"आठवडाभरानं एक घोट, महिन्यानं एक घोट, असं करत पुरवली. दोन बोटं राहिली तेव्हा हात थांबला. तेव्हापासून तशीच आहे कपाटात. आणि दुसरी मिळत नाही! एकाच पिंपातली होती ती, त्या पिंपाचा नंबर हातानं घातलाय, हा बघा. ते पिंप संपलं."

"मग ह्या कशाला?"

"ह्यातली एखादी तशी निघाली तर दादाला बोलवीन. म्हणेन, ही घे तुझी बाटली. सगळ्यांसमोर शंभरातले शंभर देईन."

"अन् न्हाय निघाली तर?"

जयवंतनं खाली वाटेकडं बघितलं. गेल्याच आठवड्यात वहिनींचा फोन आला होता. ह्यांचे गुडघे गेलेत भावजी, ह्या दिवाळीला येऊ शकलो तर येऊ, पुढं एवढा प्रवास झेपायचा नाही. पण तुम्ही ये म्हटल्याशिवाय हे निघायचे नाहीत. रोज तिकडं सकाळ झाली की हातात फोन धरून बसतात.

त्यानं वहिनींना सांगितलं होतं, "करतो. एक काम तेवढं उरकू दे."

हे त्यानं बाबांनाही सांगितलं. बाबांनी नुसती मान हलवली आणि पेले आपल्याकडं ओढले.

"मी चाखणार न्हाय," ते म्हणाले. "तूच चाख. पर तुझ्या घरी कागुद गुंडाळता, हितं कागुद न्हाय. डोळं बांध." त्यांनी खांद्यावरचा भगवा पंचा काढून दिला. "कशी चाखायची ते सांग. मी वतून देतो."

पारखायची गोष्ट निघाली की जयवंतचा आवाज भरायचा. पंचा बांधता बांधता तो शिकवायला लागला. "आधी वास. नाक पेल्यात, पण तोंड थोडं उघडं, नाहीतर नुसत्या झिणझिण्या येतात. मग घोट जिभेवर फिरवायचा, आणि थुंकायचा."

"थुकायचा?"

"गिळलं की पुढच्या पेल्याला जीभ खोटं बोलते."

"येवढी सातासमुद्रापारची आणायची अन् थुकायची!"

"पारखणं वेगळं आणि पिणं वेगळं, बाबा."

"आसंल बाबा, आसंल."

बुचं उघडल्याचे आवाज आले. पेल्यात ओतल्याचा आवाज आला. राखेनं भरलेली परडी बाबांनी गुडघ्याजवळ सरकवली. मग हातात पहिला पेला आला.

जयवंतनं हुंगला. "काकवी. जायफळ." घोट फिरवला, राखेत थुंकला. "बरी आहे. पण घाईत काढलेली. सत्तर."

दुसरा पेला आला. ह्याला त्यानं जास्त वेळ दिला. "हां… ही वर येते. खरपूस आहे, मागं गोडी राहते. त्र्याऐंशी. बाबा, ही बाजूला ठेवा. हिच्यावरून वाटतंय, सापडेल."

तिसरा पेला हातात आला.

त्यानं नाक घातलं. परत घातलं. कपाळाला आठी पडली. "ओतलीत ना बाबा ह्यात? वासच नाही."

"वतली."

घोट तोंडात गेला आणि लगेच राखेत पडला.

"छ्या! पावसात भिजलेला पुठ्ठा. ना गोडी, ना धग. मेलेली आहे हो ही. हिला वीससुद्धा जास्त." तो हसला, माडीवर हसायचा तसा. "ही ज्यानं विकत घेतली त्याला जीभच नाही!"

बाबा हसले नाहीत.



जयवंतनं पंचा वर सारला.

समोर दोन नव्या बाटल्या उघड्या होत्या. तिसरी नवी बाटली तोंडावरच्या लाखेसकट तशीच उभी होती. आणि टॉवेलावर दादाची बाटली आडवी पडली होती. आत काही नव्हतं.

"बाबा…"

बाबा धुनीकडं बघत होते.

"बाबा, हिला… हिला हात लावायचा नव्हता."

राखेत ओला डाग पडला होता. त्यानं तिथं बोट टेकवलं. बोटाला नुसती राख लागली.

जयवंतला दुसऱ्या कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. शनिवारी दर नव्या माणसाला तो स्वतःच सांगायचा : बाटली तळाला गेली की ठेवू नका, संपवा. जेवढी रिकामी तेवढी हवा आत. आणि हवा बसल्या बसल्या सगळं पिऊन टाकते. हे तो इतक्या वेळा म्हणाला होता की मित्र त्याची नक्कल करायचे. आपल्या कपाटातल्या दोन बोटांवर तेवढं दार लावून घेतलं होतं त्यानं.

किती दिवसांपूर्वी चव गेली असेल हिची? तो बाजारात बेदाणे चाखत होता तेव्हा? की मागच्या दिवाळीत?

"पेल्यात हाय आजून घोटभर," बाबा म्हणाले.

त्यांनी तिसरा पेला उचलला, उठले, आणि सगळ्यांच्या बाटलीतली ओततात तशी त्यातली जराशी भैरोबाच्या पायाशी ओतली. राहिलेली आणून जयवंतच्या हातात दिली.

"ह्यात काही नाही, बाबा."

"पारखू नगो."

जयवंतनं पेला तोंडाला लावला. ह्या खेपेला थुंकला नाही. पुठ्ठ्याचा घोट घशाखाली उतरला. काहीच झालं नाही. शेत नाही, विस्तव नाही, काही नाही.

तो तसाच बसून राहिला. बाबांनी धुनी सारखी केली, खरकटी परडी बाहेर नेऊन झटकली. उन्हाचा पट्टा सरकत सरकत त्याच्या पायावर आला, मग हातातल्या रिकाम्या पेल्यावर आला. काच कोरडी झाली.

सवयीनं, दुसरं काही नाही, त्यानं पेला नाकाशी नेला.

आणि थांबला.

अगदी तळातून, होय की नाही असा, जळलेल्या पानाचा वास आला. विस्तवाची कड. काळी बोटं.

त्यानं दुसऱ्या हाताचा तळवा पेल्यावर झाकला. तापातल्या लेकराच्या कपाळावर आई ठेवते तसा. कितीतरी वेळ काढलाच नाही. डोळ्यांतलं पाणी पुसायलासुद्धा तो हात उचलला नाही.

"बाबा," शेवटी तो म्हणाला. आवाज बाजारातला नव्हता. "आता त्याच्यापुढं काय ठेवू? काय दाखवून बोलवू त्याला?"

बाबांनी दोन्ही उघड्या बाटल्यांना बुचं लावली आणि त्या पिशवीत ठेवल्या. लाख न फोडलेली तिसरीही ठेवली. दादाची बाटली मात्र पिशवीत घातली नाही. ती टॉवेलात गुंडाळली, पहिल्यासारखीच, मान सांभाळून, आणि त्याच्या मांडीवर दिली.

"खाली वढ्यापाशी फोन लागतो म्हणं," ते म्हणाले. "मुकुंदाला निरोप दे… म्हणावं, बाटली रिकामी झाली. ये."