साळिंदराच्या दारातली शिंगे

एका डोंगराच्या उतारावर, करवंदीच्या जाळीखाली खोल बीळ करून एक साळिंदर राहत असे. बीळ त्याच्या आज्याने खणलेले होते. पुढे एक दार, मागे ओढ्याच्या अंगाला दुसरे, आणि मध्ये ऐसपैस खोली. घरात तो, त्याची बायको आणि एक लेक. दिवसा झोपावे, अंधार पडला की कंदमुळे उकरायला जावे आणि उजाडायच्या आत परत यावे, असा त्यांचा शिरस्ता होता.

मुलांनो, साळिंदराचे दात जन्मभर वाढत राहतात. झिजवले नाहीत तर ते वाकडे होऊन आत वळतात किंवा तोंडाबाहेर येतात. म्हणून सांबरांची शिंगे गळून रानात पडली, की साळिंदरे त्यातले एखादे ओढत घरी आणतात आणि कुरतडत बसतात. या घरातही मधल्या खोलीत एक शिंग कायम पडलेले असे. खाणे झाले की तिघेही त्याच्याभोवती बसत. पहिला दात घरातल्या वडीलधाऱ्याने लावायचा, मग बाकीच्यांनी, हा आज्याच्या वेळेपासूनचा रिवाज. कुरतडता कुरतडता चार गोष्टी होत. शिंग संपत आले की दुसरे येई. जास्तीचे एक आधीच आणून ठेवावे, असे कोणाच्या डोक्यात येत नसे.

एका संध्याकाळी दारात बिबट्या येऊन बसला. साळिंदराने बाहेर पाऊल टाकले आणि त्याच क्षणी पंजा पडला. साळिंदराने पाठ फिरवली, काटे उभारले आणि खुळखुळ आवाज करत उलटा त्याच्या अंगावर गेला. बिबट्याच्या पंजात काटे रुतले. गुरगुरत, तीन पायांवर लंगडत तो निघून गेला. लढाई साळिंदराने जिंकली होती. पण पाठीवरचे बरेच काटे निघून गेले होते आणि तिथे पानाएवढी जागा उघडी पडली होती.

शेजारच्या खडकात एक घोरपड राहत असे. दुसऱ्याच्या दारात काय चालले आहे ते पाहिल्याशिवाय तिला ऊन गोड लागत नसे. ती म्हणाली, "भावजी, पाठीला खिडकी पाडून घेतलीत की."

ते त्याला लागले. काटे पुन्हा येतात हे त्याला ठाऊक होते. पण ते येईपर्यंत त्या उघड्या जागेवरून वारा गेला तरी त्याला पंजा आठवे. असाच एकदा तो मधल्या खोलीत बसला होता. समोर शिंग होते. त्याची टोके त्याने पहिल्यांदाच नीट पाहिली. ज्याच्यावर जन्मभर दात घासले, ते हत्यार आहे, हे आजवर आपल्याला कसे सुचले नाही, याचे त्याला नवल वाटले. त्याने ते ओढत पुढच्या दारात नेले आणि टोके बाहेर करून मातीत रोवले.

बिबट्या पुन्हा आला नाही. तो खालच्या खोऱ्यात उतरला होता आणि तिथे शेळ्या मिळाल्यामुळे तिथेच राहिला होता. हे साळिंदराला कोणी सांगितले नाही, आणि त्यानेही विचारले नाही. शिंगामुळेच बिबट्या आला नाही, असे त्याने ठरवून टाकले.

शिंग दारात रोवले त्या दिवशी खाणे झाल्यावर लेक सवयीने दाराकडे गेली आणि शिंगाला दात लावू लागली. त्याने तिला मागे ओढले.

"हत्यार कुरतडायचे नसते," तो म्हणाला.

बायकोने विचारले, की मग पोरीने दात घासायचे कशावर? मुळे आहेत, दगड आहेत, असे त्याने सांगितले. त्याने स्वतः दोन दिवस दगडावर दात घासून पाहिले. दगड कचकचला, चव लागेना. मग त्याने तेही सोडले. त्याला दुसरे काम लागले होते.

शिंग दाराच्या उजव्या बाजूला होते. बिबट्या डावीकडून आला तर? म्हणून दुसरे आले. पुढचे दार झाले, पण मागचे उघडे राहिले. म्हणून तिथेही आले. त्यातले एखादे मोडले तर हाताशी असावे, म्हणून आणखी आली. पुढे पुढे कारणही लागेनासे झाले. शिंग पाहिले की त्याचा पाय थांबे. कोणते ओढ्याकाठी मिळाले, कोणते खिंडीत, कोणत्या म्हाताऱ्या सांबराचे, कोणत्या तरण्याचे, हे तो अंधारात नुसते नाक लावून सांगू शके. पाला घासून तो त्यांवरची माती काढी. खोटे कशाला बोला, शिंगे दिसायला सुरेख होती. त्यांच्यापुढे बसले की त्याला पाठीवरच्या उघड्या जागेचा विसर पडे.

हळूहळू मागचे दार शिंगांनी बुजले. मधली खोली भिंतीपासून आत आत भरत आली. पुढच्या दारातून आत यायचे म्हणजे काटे अंगाला चिकटवून, एका कुशीवर, टोके चुकवत यावे लागे. काटे पुन्हा पूर्वीसारखे आले, पाठ भरली, पण त्याच्या ते लक्षातही आले नाही. कधी झोपेत त्याला मागच्या बाजूने करकर आवाज येई. विचारले तर बायको म्हणे, घूस असेल. तो कूस बदलून झोपे.

एके दिवशी बायकोने त्याला सांगितले, की घरात पिल्लू येणार आहे, खोली रिकामी करा. तो पाला घेऊन एका शिंगावरची माती पुसू लागला. ती पुन्हा म्हणाली, "बरं, रिकामी नका करू. किती झाली म्हणजे पुरे, तेवढं सांगा. तेवढी होईपर्यंत मी थांबते."

त्याला आकडा सांगता येईना. तो अडाणी नव्हता. कंदाचा वेल कुठे आहे, पाऊस कधी येणार, कोणत्या वाटेने जाऊ नये, हे सगळे त्याला कळत होते. पण 'एवढी पुरे' असे मनाशी म्हटले, की लगेच आणखी एक शिंग डोळ्यांपुढे येई. शेवटी ज्यांच्याकडे हत्यारे आहेत त्यांनाच विचारू, असे त्याने ठरवले.

पाणवठ्यावर गवा उभा होता. साळिंदराने त्याला विचारले, "दादा, तुमच्याजवळ किती?"

"दोन," गवा म्हणाला. "डोक्यावर जागा तेवढीच आहे."

साळिंदर मनात म्हणाला, हा अंगाने एवढा मोठा. याला दोन चालतात. आपले तसे नाही.

दगडाखाली विंचू होता. तो म्हणाला, माझी एकच नांगी आहे, आणि तीही वापरायची वेळ येऊ नये म्हणून मी दगडाखाली राहतो. साळिंदराला वाटले, हा भित्रा आहे. याचे काय ऐकायचे? पुढे वारुळापाशी खवल्या मांजर भेटले. त्याच्याकडे हत्यार नावाला नव्हते. संकट आले की अंगाचा गोळा करून पडून राहतो, असे ते म्हणाले. साळिंदराने पुढचे ऐकूनच घेतले नाही.

परतताना खडकावर घोरपड होतीच. तिने चौकशी केली. त्याने सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "भावजी, सगळ्या रानाला विचारून आलात. तुमच्या पाठीवर किती आहेत, ते कधी मोजलेत का?"

बाईमाणसाच्या तोंडी लागू नये, असे म्हणून तो आत गेला. आत जाताना एक टोक त्याच्या कानाला लागले.

बायकोला उत्तर द्यायचेच होते. बराच विचार करून त्याने सांगितले, की आता फक्त एक राहिले आहे. घरात एका थोराड सांबराचे डावे शिंग होते. त्याचे उजवे रानात कुठेतरी पडले असणार. जोडी पुरी झाली, की बस्स.  जोडी नसलेली आणखी कितीतरी शिंगे घरात होती, ती बायकोला दिसत होती.

त्या उजव्या शिंगासाठी तो वणवण हिंडला. त्याची बायको आणि लेक आपापले पोट भरून घरी येत, तो मात्र पोटाकडेही पाहत नसे. पाहिले तरी फारसे खाता येत नव्हते. पुढचे दात वाढून आतल्या बाजूला वळले होते. तोंड नीट मिटत नव्हते आणि पुरते उघडतही नव्हते. बायकोचे आणि लेकीचे दात मात्र पूर्वीसारखे होते. त्याला वाटे, यांना दगड मानवला.

शेवटी एका पहाटे, डोंगराच्या दूरच्या सोंडेवर, अंजनाच्या झाडाखाली ते शिंग सापडले. त्याने वास घेतला. तेच होते.  जड शिंगाच्या मधल्या फाट्याला त्याने दात अडकवले आणि ते आडवे धरून तो ओढू लागला. ओझ्याने वाट सरेना. उजाडले, उन्हे डोंगरावर आली, तरी तो वाटेतच होता.

उन्हात रान कोळसुंद्यांचे असते. कोळसुंदे म्हणजे रानकुत्री. ती एकेकटी फिरत नाहीत. टोळीने त्याला उतारावरून पाहिले आणि शीळ घातल्यासारखा आवाज करत ती खाली आली. घर समोरच होते. साळिंदर धावला. दारापाशी पोचला, आणि शिंग आडवे असल्यामुळे दारातच अडकला.

ते टाकून द्यावे, एवढी अक्कल त्याला त्या वेळी होती. त्याने तोंड उघडायला पाहिले. तोंड उघडेना. वळलेले दात फाट्याच्या मागे गळासारखे बसले होते. झटकून पाहिले, शिंग दारातल्या शिंगांत आणखी गुंतले. ते ओढून सोडवायला कसाबसा तो बाहेरच्या बाजूला वळला, तेव्हा मान तिरपी राहिली. काटे भीतीने आपोआप उभे राहिले होते, पण शत्रू तोंडाकडे होता आणि पाठ घराकडे. मागे सरावे तर त्याने स्वतः रोवलेली टोके. मागच्या मांडीत एक टोक रुतले, तसा तो पुढे आला. पुढे आला तसा एका कोळसुंद्याने त्याचा पुढचा पाय पकडला.

आत बायको आहे, लेक आहे, मागचे दार आपणच बुजवले आहे, एवढेच त्याच्या डोक्यात येत होते. हाक मारावी तर तोंडात शिंग. कोळसुंदे आत शिरले नाहीत तरी तीन दिवस दारात बसून राहतील आणि त्या दोघी तहानेने मरतील, हे त्याला स्वच्छ दिसले. आजवर त्याने शिंगे आणताना बिबट्याची वाट पाहिली होती, पण घरातून बाहेर पडायची वेळ येईल, असे एकदाही त्याच्या मनात आले नव्हते.

तेवढ्यात ओढ्याच्या बाजूने खुळखुळ आवाज आला. त्याची बायको जाळीला वळसा घालून येत होती, पाठ पुढे आणि तोंड मागे, आज्याच्या वेळेपासून साळिंदरे जशी येतात तशी. ती थेट टोळीत घुसली. पाय पकडणाऱ्या कोळसुंद्याच्या नाकपुडीत काटा गेला. तो किंचाळून बाजूला झाला. दुसऱ्याच्या गालात दोन-तीन काटे गेले, तिसरा लांबच थांबला. ती नवऱ्यापुढे येऊन उभी राहिली आणि पाय आपटू लागली. कोळसुंद्यांनी दोन चकरा मारल्या. खाण्यासाठी डोळे गमवायची त्यांची तयारी नव्हती. पलीकडच्या माळावर चितळ ओरडले, तशी टोळी तिकडे वळली.

बायकोने त्याच्या तोंडातला फाटा कुरतडायला सुरुवात केली. ते काम लवकर होणारे नव्हते. त्याला बोलता येत नव्हते, म्हणून त्याने नुसते डोळ्यांनी ओढ्याच्या बाजूकडे पाहिले.

"मागचं दार केव्हाच उघडलंय," ती कुरतडताना थांबून म्हणाली. "मी आणि पोरीने. रोज थोडं थोडं. घूस नव्हती ती."

लेकीला तिने त्या दारात पाठ बाहेर करून बसवले होते. पोर अजून तशीच बसून होती.

दुपारपर्यंत फाटा तुटला. त्याबरोबर त्याचा एक दातही तुटला. पुढचा पाय मात्र कायमचा लंगडा राहिला. खडकावरून घोरपड सगळे पाहत होती. त्या दिवशी ती ऊन सोडून लवकरच कपारीत गेली.

पाय जरा टेकता येऊ लागला, तेव्हा त्याने शिंगे बाहेर काढायला घेतली. एक एक करून ती उतारावर लोटली. ज्या साळिंदरांना हवी होती ती घेऊन गेली. खोली रिकामी झाली, आणि तिथे पिल्लू जन्मले. सगळ्यांत शेवटी ते डावे शिंग राहिले. ते काढताना तो थांबला. बायकोने त्याच्याकडे पाहिले.

"हे एक राहू दे," तो म्हणाला.

"कशाला?"

"दात घासायला."

त्या संध्याकाळी बऱ्याच दिवसांनी घरातली सगळी शिंगाभोवती बसली. पहिला दात वडीलधाऱ्याने लावायचा. सगळी त्याची वाट पाहत होती. त्याने ते शिंग लंगड्या पायाने बायकोपुढे सरकवले.

तात्पर्य : हत्यार घरात आणण्याआधी 'पुरे' कोठे म्हणायचे ते ठरवावे. तोंड भरल्यावर तो शब्द बाहेर पडत नाही.