कोरलेली थ्रॉटल बॉडी

घाटाच्या पायथ्याशी असलेल्या एका गावात बाबालाल मुल्ला नावाचा मिस्त्री राहत असे. गाड्यांच्या थ्रॉटल बॉडी रुंद करून देण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. इंजिनात जाणारी हवा धातूच्या या नळीतून जाते. पेडल दाबले की नळीतील चकती फिरते आणि हवेची वाट उघडते. बाबालाल लेथवर नळी आतून कोरी, गुळगुळीत करी आणि तिच्यात मोठी चकती बसवी. गाडी घेऊन गेलेले गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी स्तुती करायला परत येई.

"नुसता पाय टेकवला की गाडी पळते!" सयाजी नावाचे त्याचे एक गिऱ्हाईक चौकात सांगत असे.

"आणि पाय पूर्ण दाबल्यावर?" राजमती मगदूमने एकदा विचारले.

"पूर्ण दाबावाच लागत नाही, वहिनी!"

लोक हसले. राजमतीला उत्तर मिळालेले नाही, हे फक्त बाबालालच्या लक्षात आले.

राजमती स्वतःच्या टेम्पोतून गावचे दूध घाटावरच्या शीतकेंद्रात पोहोचवी. त्या टेम्पोची थ्रॉटल बॉडीही बाबालालनेच कोरली होती. दूध संघाने तिला शेजारच्या गावाचे दूधही त्याच खेपेत नेण्याविषयी विचारले. होकार दिला, तर वर्षभराचे मोठे काम तिला मिळणार होते. मात्र टेम्पो घाटात अडकून दूध नासले, तर भरपाई तिनेच करायची होती, आणि ती टेम्पो विकल्यावाचून झाली नसती.

ती गॅरेजमध्ये आली. "भाई, इंजिनाची ताकद वाढलीय ना? तुमच्या शब्दावर होकार देते."

बाबालालला चौकातला तिचा प्रश्न आठवला. आजवर ऐकलेली सारी स्तुती रिकाम्या गाड्यांची आणि सपाट रस्त्याची होती.

"मला माहीत नाही," तो म्हणाला. "आधी कॅनमध्ये पाणी भरून घाट चढून बघू."

दोन्ही गावांच्या दुधाइतके पाणी भरून टेम्पो निघाला. खिंडीखालच्या चढ्या वळणावर त्याचा वेग मंदावला. पहिला गिअर होता, पेडल तळाला टेकले होते, तरी तो थांबला. राजमतीने हँडब्रेक ओढला.

"वहिनी, पाय घाबरला तुमचा!" मागून गावच्या चौघांना मोटारीत घेऊन आलेला सयाजी ओरडला.

"मग तुमचा धीट पाय आणा इकडं," म्हणत ती खाली उतरली.

सयाजी बसला. टेम्पो किंचित हलला, कण्हला आणि बंद पडला. सयाजी कपाळ पुसत उतरला. "भारच अतोनात झालाय. यात मिस्त्रीचा काय दोष?"

जमलेल्यांनी माना डोलावल्या. बाबालालला आयतीच पळवाट मिळाली होती. पण त्याने टेम्पो पुन्हा पायथ्याशी नेला आणि बरोबर आणलेली, न कोरलेली थ्रॉटल बॉडी त्याला बसवली.

"आता हे कशाला?" सयाजी वैतागला.

"भार तोच, रस्ता तोच. माझ्या कोरण्यानं ताकद वाढली असेल, तर आता टेम्पो अलीकडंच थांबेल."

टेम्पो निघाला. सुरुवातीला तो अंमळ सुस्त वाटला; पेडल जास्त दाबावे लागले. मात्र तो थांबला त्याच वळणावर.

बाबालालने सर्वांसमक्ष सांगितले, "नळी मोठी केली की थोड्या दाबातच जास्त हवा मिळते, म्हणून गाडी चपळ वाटते. पण पेडल पूर्ण दाबलं, तर जुनी नळीही या इंजिनाला पुरत होती. मी हवा लवकर दिली. ताकद नाही दिली."

"सगळे तुम्हाला निर्दोष म्हणत होते, भाई," राजमती म्हणाली. "गप्प बसला असतात तरी चाललं असतं."

"मग तुम्ही चार कॅन कमी करून निघाला असतात. ताकद वाढलीय, असंच समजून. आणि एखाद्या दिवशी दुधासकट घाटात अडकला असतात."

राजमतीने संघाला एकाच गावाचे दूध नेण्याचे कळवले. मोठे काम दुसऱ्याला गेले. बाबालालची कोरण्याची कामेही घटली, कारण पेडल हलके होईल, इंजिन मोठे होणार नाही, हे तो आता आधीच सांगू लागला. मात्र घाट चढणारे लोक गाडीत किती भरावे, हे त्यालाच विचारून निघू लागले.

तात्पर्य: स्तुतीने काम खरे ठरत नाही. आपले काम खोटे ठरवू शकेल अशी कसोटी जो स्वतःहून घेतो, त्याच्याच शब्दावर भरवसा ठेवावा.