लिंबाजी फिटर आणि अध्यक्षांचा गॅस

एका गावात एक भोळा गडी होता, आणि गावाला त्याचा काही उपयोग सुचत नव्हता. त्याचं नाव लिंबाजी. अंगानं दांडगा, मनानं स्वच्छ. सांगाल ते करायचा, आणि सांगाल तेवढंच करायचा. गावाला अशी माणसं चालत नाहीत. गावाला सांगितलेलं न ऐकणारी माणसं लागतात. मग काही बिघडलं तरी सांगणाऱ्याला हात झटकता येतात.

शेजारच्या वाडीतल्या सोपानतात्यांची कौसल्या एकदा आठवडी बाजारात लिंबाजीकडं बघून हसली होती. तेवढ्यावर लिंबाजीनं मनातल्या मनात संसार मांडला. पण सोपानतात्या म्हणाले, "पोरगा गुणाचा आहे, पण हातात कसब नाही. आधी कसब येऊ दे, मग बोलू."

म्हणून लिंबाजीची आई गयाबाई त्याला घेऊन तालुक्याला गेली आणि हरबा मिस्त्रीच्या पुढ्यात उभा केला. हरबा मिस्त्री पाण्याचे नळ बसवायचा, गॅसच्या नळ्या जोडायचा. तालुक्यात त्याच्या हाताला नाव होतं.

"काही येतं का याला?" मिस्त्रीनं विचारलं.

"येत असतं तर तुमच्याकडं कशाला आणला असता?" गयाबाई म्हणाली.

मिस्त्रीला हे पटलं. त्यानं आधी ठेवलेली पोरं हुशार निघाली होती. काम शिकली आणि मिस्त्रीचीच गिऱ्हाइकं घेऊन पळाली. हा काही पळायचा नाही, हे मिस्त्रीनं तोंड बघूनच ओळखलं.

जाताना गयाबाई लिंबाजीला म्हणाली, "मिस्त्री सांगतील ते ऐक. एक अक्षर खाली पडू देऊ नकोस."

"बरं आये," लिंबाजी म्हणाला. आणि त्यानं खरंच एक अक्षर खाली पडू दिलं नाही. पुढचं सगळं त्यामुळंच झालं.

पहिलं काम देशमुखकाकूंच्या घरी निघालं. स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता. मिस्त्री म्हणाला, "तो नळ काढ, हा नवा बसव. मी चहा पिऊन आलो."

लिंबाजीनं पाना लावला आणि नळ काढला. भिंतीतून पाण्याची धार सुटली, ती समोरच्या फडताळावर. नवा नळ बसवायला गेला तर पाणी बसवू देईना. मग लिंबाजी भोकावर तळवा दाबून उभा राहिला. मिस्त्री चहा पिऊन आला तेव्हा काकू पाटावर उभ्या होत्या आणि पाट तरंगायच्या बेतात होता.

"अरे, पाणी का नाही बंद केलंस?"

"तुम्ही नळ काढ म्हणालात. पाण्याचं काही बोलला नाहीत."

मिस्त्रीनं कपाळ धरलं. "ऐक लिंब्या. काम कुठलंही असो, कुणाच्याही घरचं असो, आधी मेन कॉक बंद करायचा. मग बाकीचं."

"बरं मिस्त्री."

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीच्या लक्षात आलं की आपला मोठा पाना निंबाळकर गुरुजींच्या घरी राहिला. त्यानं लिंबाजीला तो आणायला पाठवलं. काम कुठलंही असो. लिंबाजीनं फाटकापाशीच मेन कॉक शोधला, घट्ट बंद केला आणि मग दार वाजवलं.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. गुरुजी पंचा गुंडाळून, डोक्यापासून पायापर्यंत साबण लावून, डोळे मिटून उभे होते.

"गुरुजी, पाना राहिलाय आमचा."

"देतो. आधी मला सांग, नळाला पाणी का नाही?"

"मी बंद केलंय."

"का?"

"पाना न्यायला आलोय ना."

गुरुजींनी सगळा जन्म पोरांना प्रश्न विचारण्यात घालवला होता. पण याच्यापुढचा प्रश्न त्यांना सुचला नाही. त्यांनी चाचपडत पाना दिला आणि दार लावून घेतलं.

मिस्त्री म्हणाला, "अरे, बंद करायच्या आधी घरातल्यांना हाळी द्यायची. बंद करतोय, भरून ठेवा, असं म्हणायचं. त्यांची भांडी भरेपर्यंत थांबायचं. कळलं?"

"कळलं मिस्त्री."

मग सुमनवहिनींकडून निरोप आला. शेगडीची रबरी नळी उंदरानं कुरतडली होती आणि घरभर गॅसचा वास सुटला होता. मिस्त्री हातातलं काम सोडून उठला. "लिंब्या, तू पळ पुढं. आधी गॅस बंद कर. मी नवी नळी घेऊन आलोच."

लिंबाजी पळत गेला. उंबऱ्यात उभा राहिला आणि त्यानं हाळी दिली. "वहिनी, गॅस बंद करतोय. भरून ठेवा."

सुमनवहिनी नव्यानंच नांदायला आलेल्या. घरात कुणी नाही. पुरुष माणूस हत्यारांची पिशवी घेऊन काही सांगतोय म्हणजे ते खरंच असणार, असं त्यांना माहेरी शिकवलेलं. पोरींना असलंच शिकवतात.

"कशात भरू?" त्यांनी विचारलं.

"हंडा, कळशी, काय असेल ते. मी थांबतो."

"पितळेची चालेल का?"

"चालेल. भरली की झाकण लावा. उडून जाईल नाहीतर."

मिस्त्री आला तेव्हा वहिनी कुरतडलेल्या नळीखाली कळशी धरून बसल्या होत्या आणि लिंबाजी शहाण्यासारखा बाजूला थांबला होता. मिस्त्रीनं आधी सिलिंडरचं बटण फिरवलं, खिडक्या उघडल्या आणि दोघांना दंडाला धरून अंगणात आणलं. मग बोलला.

"अरे दगडा, गॅसचा वास आला की बोलत बसायचं नाही. दारं-खिडक्या सताड उघडायच्या आणि माणसांना धरून बाहेर काढायचं. कोण आहे, काय करतोय, काही बघायचं नाही."

"बरं मिस्त्री. कळशी उघडू का मग?"

"घरी जा," मिस्त्री म्हणाला.

पुढचं काम कचेरीतलं. तिथल्या मोरीचा नळ गळत होता. लिंबाजी आत शिरला आणि त्याच्या नाकाला वास लागला. तो मोरीचा होता. कचेरीत सगळ्यांना त्याची सवय झालेली होती, लिंबाजीला नव्हती. तो बोलत बसला नाही. त्यानं खिडक्या उघडल्या. त्या इमारत बांधल्यापासून कुणी उघडल्या नव्हत्या, त्यामुळं दोन-चार हातातच आल्या. मग एकेका कारकुनाला धरून त्यानं बाहेर काढलं. जे झोपले होते त्यांना खुर्चीसकट काढलं. मोठे साहेब फोनवर होते, त्यांना फोनसकट.

वारा आत शिरला आणि टेबलांवरचे कागद उडून व्हरांड्यात आले. व्हरांड्यात लोक महिनोन्‌महिने आपल्या कागदाची वाट बघत बसलेले. ज्याचा त्याचा कागद ज्याच्या त्याच्या मांडीवर पडला. ते कागद घेऊन घरी गेले. कचेरीत माणूस नाही, हे मात्र संध्याकाळपर्यंत कुणाच्या ध्यानात आलं नाही.

साहेबांनी मिस्त्रीला बोलावून झापलं. मिस्त्रीनं बाहेर येऊन लिंबाजीला झापलं. "आला वास की काढ माणसं बाहेर, असं चालतं का? आधी साबणाचा फेस करायचा. जिथं संशय तिथं फेस लावायचा. फुगे आले तर गळती आहे, नाही आले तर नाही. आणि गळती बघायला काडी कधी म्हणजे कधीच ओढायची नाही."

"फेस लावायचा. काडी ओढायची नाही," लिंबाजी म्हणाला. त्याला सगळं पाठ होतं.

इकडं गयाबाई सोपानतात्यांकडं जाऊन आली. पोरगा आता फिटर झाला म्हणून सांगून आली. तात्यांनी मायलेकांना जेवायला बोलावलं.

लिंबाजी नवा सदरा घालून ओसरीवर बसला. आत कौसल्येच्या आईनं डाळीचा कुकर लावला होता. थोड्या वेळानं आतून फुसफुस असा आवाज आला. लिंबाजीनं मान वर केली. परत आवाज आला. लिंबाजी उठला, न्हाणीतला साबण घेतला, तांब्यात भरपूर फेस केला आणि कुकरला वरपासून खालपर्यंत लावला. शिट्टीपाशी असे फुगे आले की वरच्या मांडणीला जाऊन टेकले.

"तात्या," त्यानं बाहेर येऊन सांगितलं, "तुमच्या घरात मोठी गळती आहे."

"अहो, ती शिट्टी आहे," कौसल्येची आई म्हणाली.

"तिथूनच गळतंय मामी."

डाळीत साबण उतरला, म्हणून त्या दिवशी सगळे ठेचा-भाकरी जेवले. कौसल्या तेवढी म्हणाली, "डाळ गेली, पण कुकर लख्ख झाला." आणि पदर तोंडाला लावून हसली. लिंबाजीचा संसार मनातल्या मनात आणखी थोडा पुढं सरकला.

तात्या हसले नाहीत. "गयाबाई, पोरगा वाईट नाही. पण कौसल्येला दुसरीकडून मागणं आलंय, मला लांबवता येणार नाही. तालुक्याला पाइपाचा गॅस सुरू होतोय म्हणतात. समारंभाला मी येतो. तिथं चार माणसांत यानं एक काम धड करून दाखवावं. एकच. दाखवलं तर मुलगी देतो."

गयाबाईनं जाऊन मिस्त्रीचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. मिस्त्रीलाही दया आली. "लिंब्या, शेवटचं सांगतो. आवाज ऐकून, वास घेऊन कुठंही हात घालायचा नाही. आधी बघायचं, गॅस येतो कुठून. नळी धरायची आणि मुळापर्यंत जायचं. मूळ सापडलं की मग काय ते करायचं."

"बरं मिस्त्री."

समारंभाचा दिवस आला. नगराध्यक्षांनी सगळं शहर उकरून पिवळे पाइप घातले होते. रस्ते गेले, पण पाइप झकास होते. फक्त त्यांत गॅस नव्हता. गॅस अजून जिल्ह्याच्या वेशीलाही पोचला नव्हता. निवडणूक मात्र पोचली होती. तेव्हा अध्यक्ष हरबा मिस्त्रीला म्हणाले, "मिस्त्री, काहीतरी करा." मिस्त्रीला तालुक्यातच पोट भरायचं होतं. त्यानं काहीतरी केलं. आणि लिंबाजीला म्हणाला, "तू नुसता स्टेजच्या कडेला उभा राहा. काही चुकीचं दिसलं तरच बघ."

मांडव भरला. पुढं शाळेची पोरं झेंडे घेऊन बसवलेली. त्यांच्यामागं सोपानतात्या, गयाबाई आणि कौसल्या. स्टेजवर फुलं लावलेली शेगडी, शेगडीतून निघालेला पिवळा पाइप, तो मागच्या पडद्याआड गेलेला. अध्यक्ष बोलले. बराच वेळ बोलले. मग त्यांनी शेगडीचं बटण फिरवलं आणि काडी ओढली.

निळी ज्योत लागली. टाळ्या पडल्या. लिंबाजीनं मात्र एवढंच बघितलं, अध्यक्षसाहेबांनी काडी ओढली. काडी कधी म्हणजे कधीच ओढायची नाही. हे चुकीचंच होतं.

त्यानं तात्यांकडं बघितलं. तात्या त्याच्याकडंच बघत होते.

लिंबाजी गुडघ्यावर बसला. त्यानं पाइप धरला आणि मुळाकडं निघाला. पाहुण्यांच्या पायांतून, सोफ्याच्या खालून, हारांच्या टोपलीवरून. पडदा लागला, तो त्यानं ओढून काढला.

मागं एक लाल सिलिंडर होता. त्याच्यावर पांढऱ्या रंगात लिहिलेलं होतं: शाळेची खिचडी.

"मूळ सापडलं," लिंबाजी म्हणाला. आता मेन कॉक. पण त्याच्याआधी हाळी. त्यानं सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशी हाळी दिली. "गॅस बंद करतोय. भरून ठेवा."

मागच्या रांगेतल्या सुमनवहिनी कळशी आणायला उठल्या.

लिंबाजीनं भांडी भरण्यापुरता दम धरला आणि कॉक फिरवला. अध्यक्षांच्या नाकासमोर ज्योत विझली. मग त्यानं सिलिंडर सोडवून खांद्यावर घेतला आणि सगळ्यांना दिसेल असा स्टेजच्या मधोमध आणून ठेवला.

"आमचा आहे तो," पुढच्या रांगेतली एक पोरगी म्हणाली. "म्हणून आज खिचडी नव्हती."

मिस्त्री मांडवाच्या खांबाआड गेला. पण अध्यक्ष मुरलेले होते. अशी माणसं बुडताना लोकांना वाटतं की पोहतायत. त्यांनी माइक धरला आणि म्हणाले, "बंधू-भगिनींनो, ही होती सुरक्षेची चाचणी. आमचा माणूस किती दक्ष आहे ते तुम्ही पाहिलंत." लोकांनी टाळ्या वाजवल्या. लोक वाजवतात.

अध्यक्षांनी लिंबाजीच्या गळ्यात स्वतःचा हार घातला, त्याला मिठी मारली आणि त्याच्या कानात म्हणाले, "तुला नगरपालिकेत कायमचा चिकटवतो. कुणी विचारलं तर सांगायचं, पाइपात गॅस आहे. एवढं एकच काम. धड कर, नाहीतर नोकरी गेली."

"एकच काम. धड," लिंबाजी म्हणाला. त्याचे डोळे भरून आले. तात्यांनीसुद्धा हेच मागितलं होतं.

तो माइकसमोर ताठ उभा राहिला आणि कुणी विचारायची वाट बघू लागला.

कुणी विचारेना. त्या शहरात असलं कुणी कधी विचारत नसे. रस्ता कुठं गेला म्हणून विचारलं नव्हतं, खिचडी कुठं गेली म्हणून विचारलं नव्हतं. लोक घड्याळं बघायला लागले. कुणी चपला शोधायला लागले. तात्याही उठायच्या बेतात दिसले. लिंबाजी आणखी पुढं सरकला. त्यानं माइक जवळ ओढला.

"कुणीतरी विचारा ना," तो म्हणाला.

चपला शोधणारे मागं वळले.

"पाइपात गॅस आहे का, असं विचारा. कुणी विचारलं तर आहे म्हणून सांग, असं साहेबांनी आत्ताच माझ्या कानात सांगितलंय. पण कुणी विचारतच नाही. काम धड झालं नाही तर माझी नोकरी जाईल, आणि तात्या कौसल्येला दुसरीकडं देतील."

अध्यक्ष खाली बसले. खुर्ची कुठं आहे ते न बघता बसले.

सोपानतात्या उठून उभे राहिले. त्यांनी टोपी नीट केली आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं विचारलं, "जावईबापू, पाइपात गॅस आहे का?"

"आहे," लिंबाजी म्हणाला.

पहिल्यांदा कौसल्या हसली. मग शाळेची पोरं हसली. मग सगळा मांडव. हसू ओसरल्यावर लिंबाजी अध्यक्षांकडं वळला. माइक त्याच्या हातातच होता.

"साहेब, विचारलं, आणि मी सांगितलं. आता पोरांचा सिलिंडर शाळेत पोचवतो. तिथं कुणी विचारलं, तर हाही पाइपातलाच म्हणून सांगू का?"