मोडक्या हाताची दीपमाळ

समुद्रापासून हाकेच्या अंतरावर एकदा एक मठ होता आणि त्या मठात पोथ्यांच्या नकला करण्याचे काम चाले. कुठून कुठून जुन्या, किडीने खाल्लेल्या पोथ्या तेथे येत. शिष्य बोरू घेऊन ओणवे बसत, नव्या कोऱ्या प्रती तयार करत आणि त्या दूरदूरच्या मठांना पाठवत. बदल्यात त्यांच्याकडच्या पोथ्या इकडे येत. मठाचे आचार्य वृद्ध होते, मितभाषी होते, आणि बोलले तरी समोरच्याचे समाधान होईलच अशी खात्री नसे.

त्यांचा एक शिष्य हेमवेलेच्या नादी लागला होता. हेमवेला म्हणजे फार पूर्वी लुप्त झालेली एक नगरी. तेथे म्हणे रोग नव्हता, तेथील वृक्षांच्या पानांतच सारी औषधे होती, आणि एके दिवशी ती दिसेनाशी झाली. एखाद्या साध्या माणसाने ही गोष्ट ऐकली असती, मान डोलावली असती आणि तो कामाला लागला असता. आमच्या शिष्याचे दुर्दैव असे की त्याला वाचता येत होते. एका पोथीत ती नगरी समुद्राने गिळली होती, दुसरीत वाळूने. तिसरीत ती बुडालीच नव्हती, शापाने अदृश्य होऊन जागच्या जागी उभी होती. एक टीकाकार तिला पश्चिमेस ठेवी, त्याचे खंडन करणारा उत्तरेस नेई, आणि दोघांना मूर्ख ठरवणारा तिसरा म्हणे, नगरी वगैरे काही नाही, हे सारे मनुष्यदेहाचे वर्णन आहे. वाचून वाचून शिष्याचे डोके भणभणू लागले. जेवताना तो ताटातल्या भातात बोटाने किनारे आखी आणि शेजाऱ्याने मीठ मागितले तर त्याला दिशा सांगे.

हा घोळ त्याच्या एकट्याच्या डोक्यात राहिला असता तर कोणाचे काही बिघडले नसते. पण बंदरावर एक व्यापारी राहत असे. त्याची पत्नी कित्येक महिने अंथरुणाला खिळली होती आणि वैद्यांनी हात टेकले होते. रोग नसलेल्या नगरीची वार्ता त्याच्या कानी गेली आणि तो मठाच्या पायऱ्या झिजवू लागला. त्याने गलबत सज्ज केले, पिण्याचे पाणी भरले, खलाशी गोळा केले. आता फक्त दिशा हवी होती.

"शास्त्रीबुवा," तो शिष्याला म्हणे, "तुम्ही नुसते बोट दाखवा. पुढचे माझ्याकडे लागले."

गलबताचा तांडेल, खलाशांचा म्होरक्या, मागे उभा राहून ऐके. एकदा तो न राहवून म्हणाला, "शेट, किनारा धरून कुठंही सांगा, नेतो. पण सरळ पश्चिमेला भर दर्यात घुसायचं, नि तिकडं काही नसलं, तर परतायला पाणी पुरणार नाही. माझ्या पोरांच्या घरी मी काय सांगू?" व्यापाऱ्याने शिष्याकडे पाहिले आणि शिष्याने जमिनीकडे. त्याला रोज वेगळी दिशा खरी वाटत असे.

अशात दक्षिणेकडच्या एका मठातून पोथी आली. शिष्याने बासन सोडले, पाने उलटली आणि एका ओळीवर त्याची बोटे थांबली. 'हेमवेला पश्चिमेस आहे. तिच्या वेशीवर दीपमाळ आहे, आणि त्या दीपमाळेचा समुद्राकडचा एक हात मोडलेला आहे.' तो धावत कोठीत गेला आणि आपल्या मठातली प्रत घेऊन आला. तीच ओळ, अक्षरशः तीच. त्याच्या डोळ्यांत पाणी आले. इतक्या दिवसांच्या चकव्यात प्रथमच दोन साक्षी जुळल्या होत्या, त्याही एकमेकांपासून दूरच्या दोन मठांतल्या.

त्याने दोन्ही पोथ्या आचार्यांपुढे ठेवल्या. "गुरुजी, उद्या पौर्णिमा. परवा पहाटे गलबत सुटेल. मी शेटजींना पश्चिम सांगणार आहे."

आचार्यांनी दोन्ही ओळी वाचल्या. मग त्यांनी कोनाड्यातली तेलाची बुधली काढून शिष्याच्या हाती दिली. "उद्या त्रिपुरी पौर्णिमा आहे. तुझ्या गावी जा, देवळापुढच्या दीपमाळेला आपल्या हाताने पणत्या लाव, आणि परत ये. मग शेटजींना काय सांगायचे ते सांग."

शिष्य बघतच राहिला. आपण बोललो काय आणि हे सांगतात काय, त्याला काही उलगडेना. "गुरुजी, दीपमाळ लावायला गावात माणसे आहेत. इथे एका बाईच्या जिवाचा प्रश्न आहे."

"म्हणूनच म्हणतो, तू लाव," आचार्य म्हणाले आणि जपाला बसले.

गुरूची आज्ञा मोडवेना आणि पटेना. शिष्य सकाळी निघाला तो वाटभर धुमसत. आचार्यांना वार्धक्याने भ्रम झाला असेल का? की हे एखादे प्रायश्चित्त? की दीपदानाचे पुण्य गलबताला लागावे असा काही हेतू? तिन्ही तर्क त्याने तपासले आणि तिन्ही त्याला सारखेच पटले, कारण हल्ली त्याचे असेच होत असे.

तिन्हीसांजेला तो देवळाच्या आवारात पोहोचला. लोकांनी त्याला ओळखले, पणत्यांची टोपली पुढे केली, आणि एक म्हातारी म्हणाली, "लहानपणी सारखा चढून बसायचास. आता जमतंय का बघ." दीपमाळेला पणत्या ठेवायला बाहेर काढलेले दगडी हात होते, त्यांवर पाय देतच वर चढायचे असे. डोके पोथ्यांत असले तरी शिष्याच्या पायांना वाट आठवत होती. एकेक पणती लावत तो वर गेला. समुद्राची बाजू आली तेव्हा त्याने न पाहता पाय उचलला, मधला एक हात सोडून वरच्या हातावर ठेवला, आणि तेथेच थबकला.

त्याने खाली पाहिले. तेथे हात नव्हता, नुसता दगडाचा खुंट होता. तो जन्मला त्याआधीपासून मोडलेला. लहानपणापासून त्याचा पाय तेवढी जागा सोडून वर जात असे, आणि म्हणूनच पोथीत वाचतानाही त्याला तो आठवला नव्हता.

आता मात्र त्याला सगळे आठवू लागले. मठात तो नवा होता. घराच्या आठवणीने जीव कासावीस होई. तेव्हा त्याला एक फाटकी पोथी वाचायला दिली होती. हेमवेलेची दिशा सांगणारी ओळ नेमकी किडीने खाल्लेली. त्याने पानाच्या समासात, कोणाला न विचारता, बारीक अक्षरांत लिहिले होते: पश्चिमेस असावी. एवढ्या मोठ्या नगरीला दीपमाळ नसेल कशी? आणि मग, मन रमेना म्हणून, आपल्या गावची दीपमाळ होती तशी उतरवली होती. पश्चिमेस का, तर त्याच्या गावी सूर्य समुद्रात बुडे आणि बुडायची ती दिशा, एवढेच.

पुढचे कसे घडले ते सांगायला कोणी लागले नाही. नकला करणाऱ्यांचा नियमच असतो की समासात काही दिसले तर ते आधीच्या लेखनिकाकडून सुटलेले समजायचे आणि नव्या प्रतीत आत घ्यायचे. एका सहाध्याय्याने ते आत घेतले, असावी-नसेलच्या शंका गाळून ओळ नीटनेटकी केली. एक प्रत मठात राहिली, एक दक्षिणेस गेली, तेथे तिची नक्कल झाली, आणि ती नक्कल जुन्या काळाची साक्ष होऊन त्याच्याच हाती परत आली.

उरलेल्या पणत्या त्याने कशा लावल्या ते त्याला कळले नाही. रात्रभर चालून दुसऱ्या पहाटे तो आचार्यांपुढे उभा राहिला तेव्हा त्याला शरम वाटत होती, आणि थोडा रागही होता. "तुम्हाला ठाऊक होते. मग सांगितले का नाही?"

"सांगितले असते तर तू मला दोन पोथ्या दाखवल्या असत्यास," आचार्य म्हणाले. "पहिल्या दिवशी तू कोपऱ्यात बसून रडत होतास. गावचे काय आठवते, म्हणून विचारले, तर तू दीपमाळेचे वर्णन केलेस, मोडक्या हातासकट. ते वर्णन परवा पोथीत वाचले. बाळ, जे हरवले आहे त्याच्या जागी मनुष्य आपल्याला प्रिय असलेले काहीतरी ठेवतो. त्यात पाप नाही. पण ते आपणच ठेवले हे विसरला, की त्याला ते सापडल्यासारखे वाटते."

"मग हेमवेला खोटी?"

"ते मी कुठे म्हटले?"

"म्हणजे खरी?"

"तेही नाही. त्या ओळीत काय होते, ते किडीला ठाऊक."

शिष्याने हरताळाची वाटी पुढे ओढली, ती ओळ पिवळी करून मिटवावी म्हणून. आचार्यांनी त्याचा हात धरला. "मिटवू नकोस. शेजारी लिही, ही कोणाची आहे ती." शिष्याने लिहिले. आपले नाव लिहिताना त्याचा बोरू अडखळला. मग तो बंदराकडे गेला.

शीड उभे राहिले होते. व्यापारी वहाणा काढून गलबतात चढला होता. तांडेल शिष्याच्या तोंडाकडे पाहत होता.

"शेटजी," शिष्य म्हणाला, "मला दिशा ठाऊक नाही. पश्चिम मीच लिहिली होती, आणि मीच ती वाचून तुम्हाला सांगायला निघालो होतो."

व्यापारी गलबताच्या काठावरून ओणवा झाला. "ठाऊक नाही म्हणजे आज ठाऊक नाही, की..."

"ठाऊक नाही," शिष्य म्हणाला. हे शब्द त्याने आयुष्यात प्रथमच उच्चारले असावेत.

तांडेलाने हळूच शिडाची दोरी सैल केली. व्यापारी पाण्याकडे पाहत उभा होता. मग एकाएकी काही आठवल्यासारखा तो खाली उतरला. "ती रोज पहाटे उठून बसते," तो म्हणाला, "आणि मी जवळ आहे का ते बघते. मी महिनाभर या बंदरावरच आहे." आणि तो अनवाणीच वाळूतून घराकडे चालू लागला, भराभरा.

शिष्याने गलबतात राहिलेल्या त्याच्या वहाणा उचलल्या आणि तो त्याच्या मागोमाग गेला.