एका नळीचं गणित

“आकडेमोड बरोबर होती, तरी माणूस गेला. मग चुकलं काय, बुवा?”

दयार्णवबुवा तापीच्या पायरीवर बसून वाटाणे सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“आकडेमोड बरोबर आली? मग पेढे आणायचे होते, साहेब.”

अच्युत खांबेट्यांचा चेहरा पडला. कारखान्यात पाण्याच्या प्रवाहाबद्दल ते बोलू लागले की बाकीचे इंजिनिअर मुकाट ऐकत. इथे त्यांना सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं.

उकळतं तेल थंड करणारी एक टाकी होती. आत नळ्यांची जुडी. नळ्यांतून तेल, बाहेरून गार पाणी. काम लवकर उरकावं म्हणून खांबेट्यांनी पाण्याचा वेग वाढवला. गोल नळीवरून पाणी वेगाने गेलं की तिच्यामागे भोवरे सुटतात, एक डावीकडे, एक उजवीकडे, आणि नळी थरथरते. ती किती थरथरेल हे त्यांनी आधीच काढून ठेवलं होतं. भीती वाटावी असं त्यात काही नव्हतं.

तरी नळ्या आतल्या आत एकमेकींवर घासून झिजल्या. एक फुटली. झाकणाजवळ उभा असलेला रशीद तडवी भाजून गेला.

“गणित मी एका नळीचं केलं होतं,” खांबेटे म्हणाले. “तेव्हा सगळे तसंच करायचे. चौकशीतही मला दोष दिला नाही. पण...”

“पण?”

“झोप येत नाही. तुम्ही एकदा म्हणा, त्याचं आयुष्य तेवढंच होतं. मी उठून जातो.”

बुवांनी वाटाण्यांची परडी बाजूला सारली. धोतर खोचलं आणि गुडघाभर पाण्यात जाऊन उभे राहिले. प्रवाहाला चांगली ओढ होती.

“या. माझ्यामागे उभे राहा.”

खांबेट्यांनी बूट काढले, पॅंट दुमडली आणि ते उतरले.

“माझ्यासमोर पाणी कसं आहे?”

“सरळ येतंय.”

“आणि तुमच्याकडे?”

खांबेट्यांनी खाली पाहिलं. बुवांच्या पोटऱ्यांमागून भोवरे सुटत होते आणि खांबेट्यांच्या नडग्यांवर येऊन आपटत होते. एकदा या अंगाने, एकदा त्या.

“लागतंय,” ते म्हणाले.

“मला तर काहीच लागत नाही.”

खांबेटे तसेच उभे राहिले. पाय कापायला लागले, तरी बाहेर आले नाहीत.

“तुझ्यामागे रशीद होता,” बुवा मागे न पाहता म्हणाले. “त्याच्यामागे कोण?”

“आई. एकटीच... पलीकडच्या पाड्यावर.”

“जाऊन आलास?”

“कंपनीने माणूस पाठवला होता.”

“मी कंपनीला नाही विचारलं, बाबा.”

“काय सांगू तिला?” खांबेट्यांनी विचारलं. “नळ्या, भोवरे... तिला त्यातलं काय कळणार?”

“कळवायला कशाला जातोस?”

“मग ती... ती मला काय म्हणेल?”

आता बुवा वळले. त्यांनी खांबेट्यांचा दंड धरला.

“काही म्हणणार नाही. तेवढं ऐकून ये.”