पेटीचा पहिला घास

हे कुणाला सांगायचं नाही, असं आत्यानं मला दोनदा बजावलं होतं. एकदा सांगायच्या आधी आणि एकदा सांगून झाल्यावर. पण तिनं सांगितलेली ती सकाळ माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून लिहिते. गोष्टीत मी तिला नुसतं कावेरी म्हणणार आहे. आत्या म्हटलं की सगळं खरं सांगता येत नाही.

“मामू, आता तरी सांगा. दाबू का बटण?”

कावेरीनं हे सकाळपासून चौथ्यांदा विचारलं होतं.

बशीरमामू नव्या मशीनभोवती गोल गोल फिरत होते, जत्रेत पहिल्यांदा पाळणा बघणाऱ्या पोरासारखे. मधूनच थांबायचे, पत्र्यावर थाप मारायचे आणि आपल्याशीच हसायचे.

जालन्याला मदनशेठचं भंगाराचं आवार आहे. तिथं मामूंना चाळीस वर्षं झाली. आलेला माल निवडायचा कसा, तोडायचा कसा, लोखंडाच्या भट्टीला पाठवायचा कसा, हे त्या आवारात ज्याला येतं त्याला ते मामूंनीच शिकवलेलं असतं. कावेरी पंधरा वर्षांची होती तेव्हा त्यांच्यासमोर येऊन बसली. कानशीचा एक घासा मारून पितळ कुठलं आणि तांबं कुठलं ते ती त्यांच्याकडून शिकली. मग आयटीआय झाली. आणि आता राजकोटला पंधरा दिवस राहून हे मशीन शिकून आली होती.

मशीन म्हणजे एक भली मोठी लोखंडी पेटी. तिच्यात भंगार टाकायचं, झाकण लावायचं, बटण दाबायचं. तिन्ही बाजूंनी भिंती आत सरकतात आणि सगळ्याचा एक चौकोनी गठ्ठा होऊन बाहेर पडतो.

त्या दिवशी दसरा होता. मशीनला झेंडूचे हार होते. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आवारातली सगळी हत्यारं धुऊन पाटावर मांडली होती. छन्नी, हातोडा, कात्र्या, मामूंचं दोरीला बांधलेलं लोहचुंबक. सगळ्यांवर हळदीकुंकू होतं.

“मामू, ह्यांना आता कायमची सुट्टी,” पाटाकडे बोट दाखवून कावेरी म्हणाली.

मामूंनी पाटाकडे बघितलं.

मदनशेठ खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं, “मशीनवर कोण बसणार ते मामू ठरवतील. ते हो म्हणाले तर कावेरी. नाही म्हणाले तर राजकोटचा माणूस सोमवारी येतोय.”

म्हणून तर कावेरीचा जीव त्या हिरव्या बटणात अडकला होता. बाहेरचा माणूस एकदा त्या खुर्चीत बसला की उठणार नव्हता. तिला पुन्हा ढिगापुढं उकिडवं बसावं लागलं असतं.

“खातं किती हे?” मामूंनी विचारलं.

“एका घासाला तीन क्विंटल! दोन मिनिटांत गठ्ठा!”

“या अल्ला...” मामूंनी आपले गुडघे चोळले. “ऐकलं का रे गुडघ्यांनो? तुमचाबी दसरा आला!”

माल निवडणाऱ्या बायका खिदळल्या.

“ताकद?”

“दीडशे टनांचा दाब, मामू. अहो, मोटारीचं दार कागदासारखं दुमडतं. मी राजकोटला बघितलंय.”

“अन् काय खात नाही?”

कावेरी हसली.

“काय खात नाही म्हणजे? सगळं खातं! हे तुमच्या-माझ्यासारखं निवडत बसत नाही, मामू.”

मामूंचे पाय थांबले.

“असं...” ते म्हणाले. “मग पहिला घास तूच भरव.”

कावेरीला हेच हवं होतं. तिनं ओढणी कमरेला खोचली. कूलरचे सांगाडे, कपाटाची दारं, मडगार्डं, तेलाचे डबे... ती मागत होती, बायका उचलून देत होत्या, पेटीत धडाधड पडत होतं. कापसाच्या बंद पडलेल्या जिनिंगमधून आलेल्या मालात आग विझवायचं एक लाल नळकांडं होतं. तिनं त्याच्या काट्यावर नजर टाकली, काटा शून्यावर होता. तेही गेलं आत, सगळ्यात वर.

“भरली पेटी! शेठ, मोबाइल काढा, व्हिडिओ घ्या!”

शेठ मोबाइल घेऊन पुढं आले. कावेरीनं किल्ली लावली. त्या किल्लीशिवाय मशीन हलत नाही.

“मामू, दाबू?”

मामू पेटीच्या कडेला गेले. वाकले. लाल नळकांडं त्यांनी तान्हं मूल उचलावं तसं दोन्ही हातांनी उचललं.

“हे काय आहे?”

“ते रिकामं आहे, मामू.”

“कोण म्हणतं?”

“काटा म्हणतो. शून्यावर आहे बघा.”

“अस्सं...”

मामूंनी गंजलेली पिन ओढून काढली. नळीचं तोंड आभाळाकडं केलं आणि दट्ट्या दाबला.

फुस्सऽऽऽ!

पांढऱ्या पुडीचा एक ढग उठला आणि सगळ्यांवर बसला. शेठच्या मिशा पांढऱ्या झाल्या, मोबाइल पांढरा झाला. कावेरी तर नखशिखांत पांढरी.

“शेठ, भंगार सोडून पिठाची गिरणी घातली काय?” निवडणाऱ्या बायकांतली गयाबाई ओरडली, आणि सगळं आवार पोट धरून हसायला लागलं. शेठसुद्धा खोकता खोकता हसले.

कावेरी तेवढी हसली नाही.

मामूंच्या आवारात एकच नेम होता. शिकायला आलेल्याला पहिल्या दिवशी तोच सांगितला जायचा. तोंड मिटलेली वस्तू पुढं जायची नाही. डबा असो, पिंप असो, साधा थर्मास असो. झाकण उघडायचं. उघडत नसेल तर मामूंना हाक मारायची. कुठं पाडायचं भोक आणि कुठं नाही, हे तेच बघायचे. बंद वस्तू दाबात किंवा भट्टीत गेली की काय होतं, हे कावेरीला माहीत होतं. मामूंच्या डाव्या हाताला तीनच बोटं होती.

आणि हे नळकांडं दीडशे टनांखाली गेलं असतं. शेठ मोबाइल घेऊन पेटीपासून दोनच हातांच्या अंतरावर उभे होते. गयाबाई त्यांच्या मागं.

कावेरीनं मशीनची किल्ली काढली आणि मामूंच्या तळहातावर ठेवली.

“राजकोटच्या माणसाला बोलवा, मामू.”

“का गं?”

कावेरी ओढणीनं डोळ्यांतली पुडी पुसत राहिली.

“का?”

“मी काटा बघितला. दट्ट्या दाबून बघितला नाही.”

“हौ.”

“मला वाटलं, आता मशीन आहे. आता काय...”

“हौ.”

कावेरीनं पेटीकडं बघितलं. तिचा आवाज एकदम बारीक झाला.

“मामू, आत आणखी काय काय टाकलंय ते मला सांगता येणार नाही. मी घाई केली.”

आवारात कुणी हसत नव्हतं.

मामू पाटाकडे गेले. छन्नी आणि हातोडा उचलून त्यांनी कपाळाला लावला, आणि कुंकवासकट तिच्या हातात दिला.

कावेरी पेटीत उतरली.

भरायला दहा मिनिटं लागली होती, उपसायला दोन तास गेले. एकेक वस्तू ती हातात घ्यायची, फिरवायची, हलवून कानाशी धरायची. गयाबाईनं वरून हात पुढं केला तर “नको मावशी, मीच टाकलंय,” म्हणाली. दोन तेलाचे डबे घट्ट बंद निघाले. एका कूलरच्या सांगाड्यात कुणाचा तरी जुना थर्मास अडकलेला होता, झाकण लावलेला. सगळ्यांची तोंडं उघडली. मग तिनं पेटी पुन्हा भरली.

किल्ली तेवढा वेळ मामूंच्या मुठीत होती. ते चहाला उठले नाहीत. पाणीसुद्धा प्यायले नाहीत.

कावेरी वर आली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. पांढऱ्या पुडीवर काळं तेल लागून तिचा अवतार झाला होता.

“आता बंद काही राहिलं?” मामूंनी विचारलं.

हो किंवा नाही, एवढंच म्हणायचं होतं. सकाळची कावेरी एका क्षणात म्हणाली असती.

तिनं वळून पेटीकडं बघितलं. मग मामूंकडं.

“मला सापडलं तेवढं उघडलंय, मामू. पण... तुम्ही एकदा बघून घ्या ना.”

मामू जागचे हलले नाहीत. त्यांनी मूठ उघडली. किल्ली घामानं ओली झाली होती. ती त्यांनी कावेरीच्या हातात ठेवली.

“माणसं लांब कर. झाकण लाव. दाब!”

कावेरीनं सगळ्यांना पार पत्र्याच्या शेडपर्यंत मागं रेटलं, शेठनासुद्धा. मग हिरवं बटण दाबलं.

जमीन थरथरली. पेटीतून कडाड कडाड आवाज निघाला, हारातले झेंडू टपाटप गळले, बायकांनी कानांवर हात ठेवले आणि तरीही त्या ओरडत होत्या. दोन मिनिटांत दार उघडलं, आणि लाल, निळा, पांढरा असा एक चौकोनी गठ्ठा गरम गरम बाहेर आला. गयाबाईनं त्याला ओवाळलं. कावेरी रडत होती की हसत होती ते त्या पुडीमुळं कळत नव्हतं.

“मामू!” त्या गोंगाटात शेठ मामूंच्या कानाशी ओरडले. “ती बघून घ्या म्हणाली, तर तुम्ही पेटीत डोकावलासुद्धा नाहीत!”

मामू गठ्ठ्यावरून तीन बोटांचा हात फिरवत होते, पण नजर कावेरीवर होती.

“बघितलं की, शेठ.”