चिटकीची गादी

"पडलेली दिसली म्हणून उचलली? आरं ए वाऱ्या! गादी वाळत घातली हुती माजी!"

वारा कवाच पळाला. चिटकी उंदरी तरी ओरडतच हुती.

वाळूत बीळ. बिळात तीन पिल्लं. उघडी. वाळू टोचती. चीं चीं चीं!

निघाली चिटकी. तुरु तुरु तुरु.

माळावर शेपटीगुलाबाचं झुडूप. पांढरी पांढरी फुलं. फूल गळलं की तिथं गुलाबी शेपटी फुटती. मऊ मऊ. पण आज नुसती फुलंच.

"गुलाबदादा,
वाऱ्यानं गादी नेली,
पिल्लं माजी निजंनात.
एक शेपटी दे!"

"आधी माशी फुलावर बसू दे. मग शेपटी."

तुरु तुरु तुरु.

"माशीबाई,
वाऱ्यानं गादी नेली,
गुलाब शेपटी देईना,
पिल्लं माजी निजंनात.
फुलावर बस की!"

"घसा सुकलाय माजा. आधी डोणीत पाणी येऊ दे. मग बसते."

तुरु तुरु तुरु.

दगडाची डोणी. जनावरं पाणी पितात तिच्यात. आज कोरडी ठणठणीत.

"डोणीमावशे,
वाऱ्यानं गादी नेली,
गुलाब शेपटी देईना,
माशी फुलावर बसंना,
पिल्लं माजी निजंनात.
पाणी दे!"

"डोळं फुटलं का? पाल झोपलीया माज्यात! आधी उंटाला मोट ओढू दे. मग पाणी."

तुरु तुरु तुरु.

विहिरीपाशी उंट बसलेला. तोंड वाकडं.

"उंटमामा,
वाऱ्यानं गादी नेली,
गुलाब शेपटी देईना,
माशी फुलावर बसंना,
डोणी पाणी देईना,
पिल्लं माजी निजंनात.
ऊठ, मोट ओढ!"

"न्हाई उठत जा! कानात गोचीड चावतीया. आधी कुणाला तरी ती काढू दे. मग ओढतो."

"कोण काढंल?"

"तेच तर! माणसाचं बोट जाईना. कावळ्याची चोच जाईना."

आता कुणाकडं जायाचं? चिटकीनं आपलं तोंड चाचपलं. इवलुसं तोंड. दात मातूर धारदार.

"मामा, मान खाली घाल. आन हलू नको!"

कट्ट! गोचीड भाईर.

उंट उठला. करकर करकर, मोट वर आली. खळखळ खळखळ, डोणी भरली. पाल पळाली. माशी पाणी प्याली. गूं गूं गूं, फुलावर बसली. पाकळ्या गळल्या, टप टप टप. आन फुस्स! गुलाबी शेपटी!

"घे गं बाई," गुलाब म्हणाला. "एक कशाला, दोन घे."

मऊ मऊ गादी झाली. तिन्ही पिल्लं निजली. चिटकी बुडाखाली गादी धरून बसली. हुश्श!

आईक बाळा. सूं सूं सूं. वारा परत आलाय.

ऊठ. आपली खिडकी लाव.